तक्रार नसताना तपासणी कशाला? मराठवाड्यातल्याच गावांनी दिलेलं उत्तर

"डॉक्टर, मला काही त्रासच नाही, मग तपासून काय घ्यायचं?"

बीपीची गोळी न्यायला आलेल्या चाळिशी-पन्नाशीच्या बाईला "एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून या" असं म्हटलं, की बहुतेक वेळा हे उत्तर मिळतं. मी फिजिशियन आहे, बीपी, शुगर, थायरॉईड बघणारा. पिशवीचे आजार माझ्या खात्यातले नाहीत. पण घरातली बाई वर्षातून चार वेळा कुठल्या डॉक्टरकडे जात असेल, तर ती माझ्यासारख्याकडेच. त्यामुळे दुसरं एक वाक्यही मलाच ऐकावं लागतं. तपासणी झालेली असते, चिठ्ठी लिहून झालेली असते, नवरा किंवा मुलगा औषधं आणायला बाहेर गेलेला असतो. बाई दारापर्यंत जाते, थांबते आणि हळूच म्हणते, "पाळी बंद होऊन चार वर्षं झाली होती. दोन महिन्यांपासून परत जातंय अंगावरून."

या दोन वाक्यांच्या मध्ये कितीतरी वर्षं वाया गेलेली असतात. ती वाया जाऊ नयेत म्हणून काय करता येतं, याचं उत्तर शोधायला फार लांब जायची गरज नाही. परभणीहून गंगाखेड, परळी, अंबाजोगाई करत पुढे गेलात, की कळंबपाशी धाराशिव जिल्हा लागतो. या जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये झालेलं एक काम जगभरच्या डॉक्टरांना माहीत आहे. आपल्याकडे मात्र ते फारसं कुणी सांगत नाही, म्हणून आज हा थोडा इतिहास.

आधी आजाराचा स्वभाव समजून घेऊ. पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही नावाच्या विषाणूची लागण हे त्याचं मूळ. शरीरसंबंधातून पसरणारा हा विषाणू इतका सर्वसाधारण आहे, की बहुसंख्य स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधीतरी त्याची लागण होते आणि बहुतेकांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. त्यामुळे रिपोर्टमध्ये तो आला म्हणून कुणाच्या चारित्र्याची चर्चा करू नये. काही थोड्या बायकांच्या शरीरात तो मुक्काम ठोकतो. तिथल्या पेशी हळूहळू बदलू लागतात आणि त्या बदलांचा कॅन्सर व्हायला साधारण दहा ते वीस वर्षं जातात. या सगळ्या काळात बाईला काहीही होत नाही. दुखत नाही, रक्त जात नाही, ताप नाही. ती निंदण-खुरपण करते, कापूस वेचते, सगळं करते. त्रास सुरू होतो तेव्हा गाडी बरीच पुढे गेलेली असते. "त्रास नाही" हा काळ म्हणजेच तपासणीचा खरा काळ.

ही गोष्ट ओळखली ती न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या जॉर्ज पापानिकोलाऊ या ग्रीक डॉक्टरने. तो गिनीपिगच्या पाळीचक्राचा अभ्यास करत होता. त्यातून स्त्रियांच्या योनीमार्गातल्या पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची त्याला सवय लागली. त्याची बायको मेरी वर्षानुवर्षं स्वतःचे नमुने त्याला देत राहिली. एका काचपट्टीवर त्याला कॅन्सरच्या पेशी दिसल्या आणि १९२८ साली त्याने हे एका परिषदेत मांडलं. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. पुढे १९४३ मध्ये डॉ. हर्बर्ट ट्राउट यांच्यासोबत त्याने पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे लोक वळून बघू लागले. आपण जिला 'पॅप' म्हणतो ती तपासणी ही. वर्षातून एकदा पॅप करून घ्यायची प्रथा अमेरिकेत त्यानंतर रुजली. 'दरवर्षी तपासणी' हे शब्द आपल्या कानावर येतात ते तिथून. त्यात आता एक दुरुस्ती झाली आहे, ती शेवटी सांगतो.

आपल्याकडे मात्र अडचण वेगळी होती. काचपट्टी वाचणारा तज्ज्ञ शहरात आणि बाई गावात. आणि त्याआधीचा प्रश्न असा, की बाईला कुणी कधी तपासलंय का?

या प्रश्नाचं आकड्यांतलं उत्तर मिळालं गडचिरोलीत. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांची संपूर्ण तपासणी केली. दवाखान्यात आलेल्या आजारी बायका त्यांनी निवडल्या नाहीत. गावातल्या सगळ्यांनाच बोलावलं, तक्रार असो वा नसो. जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा निदान एक तरी प्रकार होता. एकेकीला सरासरी साडेतीनहून जास्त आजार होते. तक्रार सांगणाऱ्या फक्त ५५ टक्के. आणि आयुष्यात यापूर्वी कधीतरी अशी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के!

तोपर्यंत खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, एवढीच सरकारची आणि आम्हा डॉक्टरांचीही समज होती. मूल जन्माला घालणारी म्हणून तिला मोजलं जायचं. बाळंतपणं संपली की ती आमच्या वहीतून गायब व्हायची, आणि नेमका तिथूनच कॅन्सरचा धोका वाढत जातो. हा अभ्यास वाचून जगभर धोरणं ठरवणाऱ्यांना दखल घ्यावी लागली. परभणीत असा अभ्यास झाला असता तर आकडे फार वेगळे आले असते असं मला वाटत नाही.

आता येऊ बार्शीला. सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी हे आपल्या मराठवाड्याच्या उंबऱ्यावरचं गाव. तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये डॉ. बी. एम. नेने आणि मुंबईच्या टाटा हॉस्पिटलची मंडळी यांनी १९८७ मध्ये कॅन्सरची नोंदवही सुरू केली. ग्रामीण भागातली देशातली ही पहिली नोंदवही. बार्शी तालुका आणि शेजारचे परांडा, भूम. नोंद म्हणजे हॉस्पिटलात बसून कागद भरणं नव्हतं. कार्यकर्ते गावोगाव जायचे, घरोघर विचारायचे, बायकांशी बोलायचे, अंगावरून मधेच रक्त जात असेल तर अंगावर काढू नका म्हणून सांगायचे. या बोलण्याचा परिणाम आकड्यांत दिसला. काही वर्षांतच पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर घेऊन येणाऱ्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर येऊ लागल्या. मशीन नाही, औषध नाही, केवळ नीट समजावून सांगणं. (आमच्या पेशात याला पैसे मिळत नाहीत, म्हणून ते कमी होतं, हे प्रांजळपणे सांगतो.)

याच पायावर ऑक्टोबर १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, मोठा प्रयोग सुरू झाला. बार्शीचं हॉस्पिटल, टाटा हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधली कॅन्सर संशोधन संस्था असे तिघे मिळून. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया आणि गावांचे ५२ गट. चिठ्ठ्या टाकल्यासारखी या गटांची चार भागांत वाटणी झाली. एका भागातल्या स्त्रियांची एचपीव्ही चाचणी करायची. दुसऱ्या भागात पॅप. तिसऱ्या भागात 'व्हीआयए', म्हणजे पिशवीच्या तोंडाला पातळ केलेलं ॲसिटिक ॲसिड लावायचं आणि मिनिटभराने बघायचं. ते एक प्रकारे आपलं व्हिनेगरच. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. चौथ्या भागात नेहमी मिळतात त्याच सेवा. यातली प्रत्येक चाचणी आयुष्यात एकदाच.

"आपल्या बायका असल्या तपासणीला येणार नाहीत," असं तेव्हाही लोक म्हणत होते. तपासणीला बोलावलेल्या पाचांपैकी जवळजवळ चार जणी आल्या. मला या सगळ्या अभ्यासातला हा आकडा सर्वांत आवडतो. नमुना घेणारी प्रशिक्षित नर्सबाई होती, तपासणी गावाजवळ होती, आधी घरी येऊन कुणीतरी नीट सांगितलं होतं. एवढं केलं तर बायका येतात. न येण्याचं खापर त्यांच्या लाजेवर फोडणं सोपं आहे. पडदा नसलेली खोली, दारात उभा वॉर्डबॉय आणि "पाय नीट पसर" म्हणून खेकसणारा आवाज यांच्याकडे बघायला नको असतं.

चाचणीत दोष आढळला तर दुर्बिणीने तपासणी, गरज असेल तर तुकडा काढून तपासणी आणि कॅन्सरपूर्व बदल सापडला तर उपचार. हे उपचार छोटे असतात. बिघडलेला भाग गोठवून किंवा विजेच्या तारेने काढून टाकायचा. पिशवी जागेवरच राहते.

आठ वर्षं पाठपुरावा झाला आणि २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निकाल आला. तपासणी न झालेल्या भागात ३१,४८८ स्त्रिया होत्या. त्यांतल्या ६४ जणी पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरने गेल्या. एचपीव्ही चाचणीच्या भागात ३४,१२६ स्त्रिया, म्हणजे संख्या जास्त, तरी मृत्यू ३४. जवळजवळ निम्मे. गंमत अशी, की कॅन्सरचे रुग्ण दोन्हीकडे साधारण सारखेच सापडले, ११८ आणि १२७. फरक होता तो कधी सापडले यात. पुढच्या टप्प्याला पोचलेले कॅन्सर तपासणी नसलेल्या भागात ८२, एचपीव्हीच्या भागात ३९. पॅपच्या भागात ५४ आणि व्हीआयएच्या भागात ५६ मृत्यू झाले. एकदाच केलेल्या त्या चाचण्यांनी ठाम म्हणावा असा फरक पडला नाही. शिवाय ज्यांची एचपीव्ही चाचणी निर्दोष आली, त्यांच्यात पुढच्या वर्षांत कॅन्सर होण्याचं प्रमाण, पॅप किंवा व्हीआयए निर्दोष आलेल्यांच्या एक चतुर्थांशाहूनही कमी निघालं.

आज जगातले देश तपासणीचं धोरण आखताना ज्या पुराव्यांवर उभे आहेत, त्यांत धाराशिवकडच्या बायकांचा हा वाटा आहे. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती देते.

पण या गोष्टीला एक बोचरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणं बरं नाही. त्या ३१ हजार जणींचं काय? पॅप उपयोगी आहे हे जगाला तोवर माहीत होतं, मग तपासणी न करता त्यांच्यातले मृत्यू मोजत राहणं योग्य होतं का, असा सवाल नंतर वैद्यकीय नीतीच्या अभ्यासकांनी केला. त्यावर बराच वाद झाला. संशोधकांची बाजू अशी, की त्या भागात तेव्हा तपासणीची कसलीच सोय नव्हती, कुणाचं काही काढून घेतलं नाही, आणि आपल्या परिस्थितीत काय चालतं हे कळल्याशिवाय सरकारने कार्यक्रम तरी कसला आखायचा? माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण त्या ६४ मृत्यूंचं देणं आपल्यावर आहे. इतकी किंमत मोजून मिळालेलं ज्ञान आपल्याच मराठवाड्यात वापरलं जात नसेल, तर तो वाद केवळ कागदावरचा राहत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या होत्या दोन टक्क्यांहूनही कमी.

व्हीआयएवर फुली मारू नका हेही सांगायला हवं. मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा हॉस्पिटलने दीड लाख स्त्रियांवर असाच अभ्यास केला. तिथे आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार वेळा व्हीआयए केली. मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे साधी चाचणीसुद्धा काम करते, पण ती पुन्हा पुन्हा करावी लागते.

आता याच मराठवाड्यातली दुसरी गोष्ट. ही सांगताना जीभ जड होते.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. बहुतेकींची कहाणी एकाच वळणाची. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, पाळीला जास्त जातं. फडावर ना आडोसा ना पाणी. खाडा झाला की मुकादम पैसे कापणार, उचल तर आधीच घेतलेली. कुठल्यातरी दवाखान्यात सोनोग्राफी होते आणि एक वाक्य कानावर पडतं: "पिशवी खराब झालीय, काढली नाही तर कॅन्सर होईल." गंगाखेड, सोनपेठ भागातूनही कोयत्याच्या टोळ्या जातात. हे वाक्य ऐकून आलेल्या बायका परभणीतही भेटतात, काहींच्या वयाची तिशीही उलटलेली नसते.

त्या वाक्यात काय चुकतं ते नीट लक्षात घ्या. पांढरं जाणं हे बहुतेक वेळा जंतुसंसर्गामुळे असतं आणि औषधांनी बरं होतं. काही वेळा तर ते अगदी नैसर्गिक असतं. पिशवीच्या तोंडातले कॅन्सरपूर्व बदल सोनोग्राफीत दिसत नाहीत. त्यासाठी पॅप, व्हीआयए किंवा एचपीव्ही चाचणीच लागते. ती न करता कॅन्सरच्या भीतीपोटी पिशवी काढायला सांगणं म्हणजे आग लागली की नाही हे न बघता घर पाडणं. आणि पिशवीबरोबर बीजांडंही काढली गेली, तर तिशीतल्या बाईच्या अंगात पन्नाशीचं शरीर येतं. हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, अंगातून वाफा निघतात, झोप उडते. या बायका मग माझ्याकडे येतात, गुडघे आणि धडधड घेऊन. सगळ्याच पिशव्या विनाकारण काढल्या जातात असं नाही. मोठ्या गाठी, न थांबणारा रक्तस्राव, प्रत्यक्ष कॅन्सर, अशा वेळी ऑपरेशन जीव वाचवतं. पण ऑपरेशन सुचवलं असेल तर "माझी पॅप किंवा एचपीव्ही तपासणी झाली का? रिपोर्ट काय आहे? औषधाने होणार नाही का?" हे तीन प्रश्न विचारा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही.

माझा अनुभव असा, की जिची तपासणी नियमाने होते तिला कुणी सहज घाबरवू शकत नाही. तिच्या पिशवीत मागच्या रिपोर्टचा कागद असतो. (कापडी पिशवीत म्हणतोय मी.)

आता ती राहिलेली दुरुस्ती. दरवर्षी पॅप करायची गरज नाही. अमेरिकन कॅन्सर सोसायटीनेच १९८० मध्ये, आधीचे रिपोर्ट निर्दोष असतील तर दर तीन वर्षांनी पुरे, असं सांगितलं. एचपीव्ही चाचणी निर्दोष आली तर पाच वर्षं निर्धास्त राहता येतं. भारत सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शनात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए सांगितली आहे. त्यामुळे कुणी दरवर्षी महागडं 'पॅकेज' गळ्यात मारत असेल तर आधी विचारा, यातलं मला काय लागतं?

मग वर्षातून एकदा जायचं ते कशाला? बोलायला. हे मी गमतीने म्हणत नाही. पाळी कशी आहे, मधेच रक्त जातं का, संबंधानंतर जातं का, खोकताना-शिंकताना लघवी सुटते का, अंग बाहेर येतं का, हे प्रश्न विचारणारं माणूस वर्षातून एकदा तरी भेटायला हवं. सोबत बीपी, वजन, हिमोग्लोबिन, शुगर. स्तनांची तपासणी. पोट आणि गरज असेल तर आतली तपासणी. आणि मागची पॅप-एचपीव्ही कधी झाली, पुढची कधी, याची नोंद. अर्ध्या तासाचं काम. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात किंवा परभणीच्या स्त्री रुग्णालयात आधी चौकशी करून जा. कुठल्या दिवशी काय होतं हे आशाताईंना बहुतेक वेळा माहीत असतं. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त गेलं, संबंधानंतर रक्त गेलं किंवा घाण वासाचं पाणी जात असेल, तर मात्र वर्षाची वाट बघू नका. त्याच आठवड्यात जा.

पिशवी काढलेल्या बायकांनीही डॉक्टरांना एकदा विचारावं. पिशवीचं तोंड मागे राहिलं असेल तर तपासणी चालूच ठेवावी लागते. घरात नऊ ते चौदा वर्षांची मुलगी असेल तर एचपीव्हीच्या लसीबद्दल मुलांच्या डॉक्टरांशी बोला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस आता आपल्याकडे मिळते. लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी लागतेच.

तपासणीला जाताना पाळीचे दिवस टाळा, आदल्या दिवशी योनीमार्गात औषध घालू नका, आतून धुऊ नका. "बाई डॉक्टर हव्यात", "पडदा ओढा", "माझ्यासोबत माझी बहीण थांबेल" असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. दुखलं तर "थांबा" म्हणा. आणि ज्यांना तपासणीच्या टेबलावर झोपायचंच नाही, त्यांच्यासाठी एक सोय आता जगात मान्य झाली आहे. एचपीव्ही चाचणीसाठीचा नमुना बाईला स्वतःचा स्वतः, आडोशाला जाऊन, छोट्या ब्रशने घेता येतो. हे सगळीकडे मिळत नाही अजून. पण पुढच्या वेळी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेलात तर विचारून बघा. आणि माझ्याकडे आलात, तर दारापाशी जाईपर्यंत थांबू नका, खुर्चीवर बसल्या बसल्याच सांगा.